दोन कापांमधलं कोरं पान

अक्का,

काल संध्याकाळी पंचनद राव आले आणि सवयीनं तुझ्या मेजाच्या डाव्या बाजूला बसले. तुझी चटई तुझ्या भावजयीनं, पद्मानं, गुंडाळून ठेवली आहे, मेज मात्र जागेवरच आहे. त्यांनी चष्मा पुसला, पुढं हात केला, आणि हातात कागद द्यायला कोणी नाही हे कळल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "किट्टू, वीस वर्षं मी अक्कांच्या उजवीकडे बसत होतों. मग हिकडे कधी आलों?"

मी म्हणालो, "अडीच वर्षं झाली, राव."

"का आलों?"

तू त्यांना सांगितलं होतंस की तुम्ही उजवीकडे बसलात की माझ्या कागदावरचा उजेड अडतो. खिडकी डावीकडे आहे, अक्का. रावांनी त्या खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काफी पिऊन गेले. शाळेत चाळीस वर्षं शिकवलेला माणूस आहे, त्याला फार सांगावं लागत नाही.

त्या दिवशी मीही घरात होतो. तू रावांना उठवून दुसऱ्या बाजूला बसवलंस ते मी पाहिलं. ते मूळ मोडी मोठ्यानं वाचायचे आणि तू आपली नक्कल शब्दाशब्दानं ताडून पाहायचीस. वाचणाऱ्याची बाजू बदलली म्हणजे ऐकणाऱ्याचा कान बदलला. हे डॉक्टर भावाला समजायला किती वेळ लागावा? मला समजलं होतं. मी पेपर वाचत बसलो.

तुझा तेरावा होऊन पाच दिवस झाले. येणारे सगळे म्हणाले, तुम्ही काय कमी केलं, मद्रासपर्यंत नेलं, सगळ्यात मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. मी मान हलवत राहिलो. तुझ्या जाण्यात माझा एक वाटा आहे आणि तो किती, हे मी बऱ्यापैकी नेमका सांगू शकतो, कारण तसलं मोजणं हाच माझा धंदा आहे. तुला मी हे जिवंतपणी सांगितलं नाही. म्हणून आता लिहितो, आणि तू शिकवलेल्या मराठीत लिहितो. तमिळ मुलखात पिढ्या काढलेल्या आपल्या घरात आपण "काय करतोयस"ला "काय करूलालास" असंच म्हणत आलो, पण कागदावर तसं लिहिलं की तू पेन्सिलीनं खूण करायचीस. बोलताना कसंही बोल, लिहिलेलं पुण्याच्या माणसालाही कळलं पाहिजे, असं म्हणायचीस. आपण दोघंही कधी पुण्याला गेलो नाही.

*

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हाचं तिरुवैयारूचं पत्र तुला आठवत असेलच. पण मला ते पुन्हा सांगू दे.

आपल्या गल्लीतल्या आणि आसपासच्या घरांतून लोक आपापले रुमाल घेऊन तुझ्याकडे यायचे. लाल कापडात बांधलेले आजोबा-पणजोबांचे मोडी कागद, आणि घरात ते वाचता येणारं कोणी नाही. मुलं तमिळ शाळेत, नातवंडं इंग्रजी शाळेत. तू ते देवनागरीत उतरवून खाली तमिळमध्ये सारांश द्यायचीस. तिरुवैयारूच्या एका घरच्या रुमालात एका बाईनं भावाला लिहिलेलं तीन पानी पत्र होतं. पहिल्या पानावर होतं की नुकतीच मुंज झालेल्या मुलाला तीन दिवस ताप आहे. तिसऱ्या पानावर होतं की अमावास्येच्या आत आम्ही कावेरीवर येतो, घाटापर्यंत गाडी पाठवणे. दुसरं पान गहाळ होतं.

मी सुट्टीला आलो होतो, आणि मला तुझ्यासारखं अक्षर काढता येतं हे तुला दाखवायचं होतं. तू चुलीपाशी होतीस. मी एक कागद घेतला आणि मधलं पान लिहून टाकलं. देवाच्या कृपेनं ताप उतरला, मूल हिंडू-फिरू लागलं, बोललेला नवस फेडण्यासाठी येणं आहे. चार ओळी, त्या काळच्या वळणात. अजूनही वाटतं, भाषा बरी जमली होती.

तू हात पुसत आलीस, वाचलंस आणि कागद फाडलास. त्या जागी एक कोरं पान ठेवलंस आणि वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंस, "इथे पान नाही."

"पण अक्का, दुसरं काय असणार? ताप होता, आता गाडी मागवूलालेत. म्हणजे बरा झाला."

"असेल. नसेल. तू पाहिलंस?"

"पाहायला कशाला पाहिजे? समजतंय की."

"समजतंय तर तुझ्या वहीत लिही. त्यांच्या कागदात नक्को."

मी आठ दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. दीड वर्षानं त्याच घरचा दुसरा रुमाल आला, आणि ते पान एका जमिनीच्या कागदाच्या पाठीला चिकटलेलं निघालं. मी पुढच्या सुट्टीत येईपर्यंत तू ते वेगळं काढून ठेवलं होतंस. मी आलो, तू ते माझ्यापुढं ठेवलंस आणि काफी आणायला आत गेलीस. मुलगा चौथ्या दिवशी गेला होता. ती माणसं अस्थी घेऊन कावेरीवर येत होती.

तू एक शब्द बोलली नाहीस. त्या दिवसाबद्दल मी जन्मभर तुझा ऋणी आहे, आणि तो दिवस मी कधीच विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर पुढचं सांगणं सोपं गेलं असतं.

*

सरकारनं परदेशी मालाला दारं थोडी सैल केली तेव्हा आम्ही तिघा डॉक्टरांनी मिळून बाहेर वापरून झालेलं एमआरआयचं एक यंत्र आणलं. गावात त्याची केवढी चर्चा. तोवर मेंदूचा तसला फोटो काढायचा म्हणजे मद्रास गाठावं लागे. आयुधपूजेला आपण यंत्राला चंदन-कुंकू लावलं तेव्हा तू आली होतीस. गुरुजींना आम्ही दहा वेळा बजावलं होतं की आत लोखंड न्यायचं नाही. त्यांनी समई पितळेची आणली, घंटा पितळेची आणली, आणि आरतीचं ताट स्टीलचं आणलं. दारातून दोन पावलं आत गेले आणि ताट त्यांच्या हातातून सुटून थेट यंत्राच्या तोंडाला जाऊन चिकटलं. कापूर विझला, फुलं खाली. तू मागून म्हणालीस, "प्रसाद देवानंच ओढून घेतला, गुरुजी. एवढा लवकर प्रसन्न झालेला देव मी पाहिला नव्हता."

ताट काढायला दोन माणसं लागली. मी लाजलो होतो, पण तू मजेत होतीस, आणि निघताना यंत्राच्या पोकळीत डोकावून विचारलंस, "हे काय पाहूलालंय आत?"

मी म्हणालो, "पाणी. शरीरातल्या पाण्याचे कण चुंबकात एका दिशेला उभे राहतात. आपण त्यांना रेडिओचा एक धक्का देतो, ते डळमळतात आणि पुन्हा उभे राहताना बारीकसा आवाज देतात. कुठून कसा आवाज आला त्यावरून चित्र."

"म्हणजे ताडून पाहणंच," तू म्हणालीस. "एक वाचतो, एक ऐकतो."

इतकं सोपं करून मी ते कुणाला सांगितलेलं नाही. अजूनही पेशंटच्या नातेवाइकांना मी तुझंच वाक्य सांगतो.

त्यानंतर काही महिन्यांनी तू म्हणालीस की उजव्या कानात रातकिडा बसलाय. आणि फोन उजव्या कानाला लावला की आवाज येतो, पण शब्द येत नाहीत. हसत सांगितलंस, मद्रासच्या मावशीचं बोलणं असंही कळत नव्हतं म्हणून.

एकाच कानात, आवाज आहे पण शब्द नाहीत. याचा अर्थ कानाकडून मेंदूकडे जाणारी नस बारकाईनं बघायची. हे आमच्याकडे शिकाऊ डॉक्टरलाही ठाऊक असतं. मी तुला यंत्रात घेतलं. मी तिथला मुख्य डॉक्टर होतो, कोणाला विचारायचं नव्हतं. बाहेर सहा पेशंट बसले होते, त्यातले दोन पट्टुकोट्टैहून सकाळच्या बसनं आलेले. नसेपुरते बारीक काप घ्यायचे तर आणखी बारा-पंधरा मिनिटं लागली असती. मी टेक्निशियनला म्हणालो, नेहमीचं कर.

नेहमीचं म्हणजे काय, ते इथं लिहून ठेवतो, कारण माझा सगळा वाटा त्यातच आहे. नेहमीच्या तपासणीत यंत्र डोक्याचा एकेक काप वेगळा घेतं. प्रत्येक काप सहा मिलिमीटर जाड. दोन काप अगदी एकमेकांना लावून घेतले तर एकाचा धक्का शेजारच्याला लागतो आणि दोन्ही चित्रं बिघडतात, म्हणून मधे अडीच मिलिमीटर जागा सोडतात. त्या जागेचं चित्र निघतच नाही. फिल्मवर मात्र चौकटी एकापुढं एक ओळीनं येतात, आणि पाहणाऱ्याला वाटतं की सगळं डोकं इथं आहे.

तुला तसं वाटलं नाही. तू ती फिल्म ह्याच खिडकीच्या उजेडात धरलीस आणि चौकटी मोजल्यास.

"किट्टू, ह्या चित्रात डोळे आहेत, पुढच्यात नाहीत. मधे काय आहे?"

"मधे थोडी जागा सुटते. पण तिथंही तेच असतं."

"तू पाहिलंस?"

"अक्का, पंधरा वर्षं फिल्मच पाहूलालों. वरचं नीट आहे, खालचं नीट आहे, म्हणजे मधलंही नीट आहे."

"मग रिपोर्टात तसं लिही की. एवढं पाहिलं, एवढं नाही पाहिलं."

"रिपोर्टात कोरं पान घातलं तर वाचणार कोण? लोक पैसे देऊन उत्तर घ्यायला येतात."

तू फिल्म पाकिटात घातलीस. "सरी," म्हणालीस, "डाक्टर तू." सरी म्हणजे बरं, पण तुझ्या तोंडी तो वाद थांबवायचा शब्द होता, मिटवायचा नव्हे. एवढं मला चाळीस वर्षांत कळलं होतं. तरी मी रिपोर्टवर सही केली. मेंदू आणि कानाच्या नसा निर्दोष, असं इंग्रजीत स्वच्छ टाइप केलेलं आहे. कानाच्या नसा. ते दोन शब्द मी लिहायला नको होते, कारण त्या मी पाहिल्याच नव्हत्या.

*

पुढची अडीच वर्षं तू तुझा कान तुझ्यापाशी ठेवलास. रावांची बाजू बदलली. बसमध्ये माझ्या उजव्या हाताला बसायला लागलीस. मग वडवार नदीच्या वाटेवर, सपाट रस्त्यावर, दोनदा पडलीस आणि दोन्ही वेळा चपलेला दोष दिलास. पुढं गालाला मुंग्या येतात म्हणालीस. मी दुसऱ्या दिवशी गाडी ठरवली.

मद्रासच्या ज्या केंद्रात तुला नेलं तिथं नवं यंत्र होतं. तिथल्या डॉक्टरांनी मला आत, पडद्याजवळ बसू दिलं. त्यांनी तुझी त्रिमिती तपासणी केली. तिच्यात एकेक काप वेगळा घेतच नाहीत. डोक्याच्या त्या भागाचा सगळा ठोकळा एकदम डळमळवतात, आणि लांबी-रुंदीबरोबर खोलीचीही खूण त्याच आवाजात भरतात. मग कॉम्प्युटर त्या एका आवाजातून मिलिमीटरभराचे घन वेगळे करतो, एकाला एक भिडलेले, मधे फट नाही. काप पाडायचे ते नंतर, पेशंट उठून गेल्यावर, हव्या त्या दिशेनं. आडवे पाडा, उभे पाडा, नस जशी तिरकी जाते तसे तिरके पाडा. याची किंमत एवढीच की आठ-नऊ मिनिटं पेशंटनं जराही हलायचं नाही. एका कापाच्या वेळी हललं तर जुन्या पद्धतीत तो एक काप जातो. इथं हललं तर सगळा ठोकळा पुसट होतो.

टेक्निशियन बाहेर येऊन मला तमिळमध्ये म्हणाला, "अम्मा असैयवे इल्लै." जराही हलल्या नाहीत. मला नवल वाटलं नाही. दुपारभर एका जीर्ण कागदावर श्वास पडू न देता लिहिणारी बाई ती.

पडद्यावर मग ते आलं. तिथल्या डॉक्टरांनी चित्र हळूहळू फिरवलं. कानामागच्या हाडात नसेचा एक अरुंद बोगदा असतो. त्या बोगद्यातून एक देठ बाहेर आला होता आणि देठाला आवळ्याएवढी गाठ, मेंदूच्या खोडाला टेकलेली. कॅन्सर नव्हता. वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर वाढणारी साधी गाठ, अशी गाठ आधी बोगद्यात धरते आणि मग बाहेर पडते. काहींची जरा वेगानं वाढते. तुझी तशी होती. ते डॉक्टर म्हणाले, आधी केव्हातरी पाहिलं होतं का? मी म्हणालो, साधा स्कॅन झाला होता. त्यांनी पुढं विचारलं नाही. आमच्या धंद्यात तेवढी सभ्यता आहे, आणि ती फार वेळा आम्हालाच उपयोगी पडते.

तू खाली कॅन्टीनमध्ये बसली होतीस, केसांना यंत्राच्या उशीचा दाब पडलेला. मी तुला गाठीचं सांगितलं. तू ऐकलंस, डावा कान माझ्याकडे करून. मग विचारलंस, "हे यंत्र आपल्यापेक्षा वेगळं कसं रे?"

समोर बशीत बर्फीचे तुकडे होते. मी म्हणालो, "आपल्या यंत्रात दुकानातनं कापलेले तुकडे आणल्यासारखं. इथं ताटात थापलेली अख्खी बर्फी घरी आणायची आणि मग हवी तशी कापायची. चौकोनी काप, शंकरपाळ्यासारखी काप."

"आणि दुकानात कापताना मधला चुरा पडतो, तो?"

"तो तिथंच राहतो."

"दुकानदार खातो," तू म्हणालीस आणि हसलीस. हसताना तुझा उजवा गाल थोडा मागं राहिला, ते मी पाहिलं. मग बर्फीचा कोपरा मोडत विचारलंस, "आपल्या यंत्रात पडला होता का चुरा?"

अक्का, माझ्यासमोर दार उघडून धरल्यासारखा तो प्रश्न होता. मी म्हणायला हवं होतं, हो, पडला होता, आणि यंत्रानं पाडला नाही, मी पाडला. बारीक काप आपल्या यंत्रालाही घेता येत होते. त्रिमितीची सोयही त्यात होती, वेळ लागतो म्हणून मी वापरत नव्हतो. बाहेर सहा माणसं होती आणि तू घरची होतीस, म्हणून तुझी बारा मिनिटं मी वाचवली. परक्या बाईनं कानाची हीच तक्रार सांगितली असती तर कदाचित घेतलीही असती.

मी म्हणालो, "सगळ्याच जुन्या यंत्रांत पडतो."

"यंत्रांत," तू म्हणालीस. एवढंच. उरलेला तुकडा कागदात गुंडाळलास. "पद्माला आवडते."

*

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी तू मला बाकीची कामं सांगितलीस. दोन रुमाल अर्धवट आहेत, ते कोणाचे आणि परत कुठं द्यायचे. रावांना दिवाळीपर्यंत तरी सांगायचं नाही की काम बंद आहे, त्यांना उगाच घरी बसायला लागेल. मग माझ्याकडे पाहून म्हणालीस, "उद्या दाढी करून ये. पेशंट मी आहे. तुझं तोंड बघून त्यांचे हात कापतील." मी वाकलो तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवलास, परीक्षेच्या दिवशी ठेवायचीस तसा, आणि म्हणालीस, "जा, जेव जा."

मी दाढी करून आलो. गाठ निघाली. पण खोडाला टेकलेली गाठ काढताना गिळण्याची नस दुखावते, तुझीही दुखावली. पाणी चुकीच्या वाटेनं जायला लागलं, सहाव्या दिवशी छाती भरली, दहाव्या दिवशी तू गेलीस. बोगद्यात असताना ती गाठ काढली असती तर उजवा कान बहुधा गेला असता. तू गेली नसतीस. ह्या दोन वाक्यांत मी "बहुधा" फक्त कानापाशी लिहिला आहे, आणि तो जागेवर आहे. सर्जनला विचारलं, त्यांनीही तेच सांगितलं.

मद्रासच्या तपासणीहून तुला घेऊन आलो त्या आठवड्यातच मी आमच्या सेंटरमधली जुन्या फिल्मची प्रत काढली. एका चौकटीत बोगद्याच्या वरचं हाड आहे. पुढच्या चौकटीत बोगद्याचा तळ, आणि तिथं काठाला किंचित करडं काहीतरी, जाड कापात शेजारच्या पाण्यात मिसळून गेलेलं. आता माहीत असल्यामुळे दिसतं. मधे ती अडीच मिलिमीटर. तू खिडकीत फिल्म धरून बोट ठेवलं होतंस ती जागा ही नव्हती, तू डोळ्यांजवळ विचारलं होतंस. पण तू विचारलेला प्रश्न हाच होता.

मी सेंटरमध्ये दोन गोष्टी बदलल्या आहेत. एका कानाची तक्रार घेऊन जो येईल त्याची नस बारीक कापांत किंवा त्रिमितीत पाहिली जाईल, बाहेर कितीही माणसं असोत. आणि प्रत्येक रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असेल: काप इतके जाड, मधली जागा इतकी, ती पाहिलेली नाही. भागीदार म्हणाले, लोक घाबरतील, दुसरीकडे जातील. मी म्हणालो, जाऊ देत. हे मी आतापर्यंत कधी म्हणालो नव्हतो. त्रिमिती म्हणजे जादू आहे असंही मी कोणाला सांगत नाही. तिथंही घनाला माप असतं, आणि त्याहून लहान असेल ते दिसत नाही. कोरं पान लहान होत जातं, संपत नाही. हेही तुझ्याच मेजावर शिकलो म्हणायचं.

परवा मी हे सगळं पद्माला सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अक्कांना कळलं होतं हो. कॅन्टीनमध्येच कळलं. आणि तरी तुमच्या डोक्यावर हात ठेवला. म्हणजे माफ केलं त्यांनी. दुसरं काय असणार?"

तिनं ते मायेनं म्हटलं. मलाही ते घट्ट धरून झोपावंसं वाटलं. तुझ्या कपाटातलं स्कॅनचं पाकीट मी काल त्यासाठीच उघडलं. वाटलं, तू जर ओळखलं असशील तर माझ्या रिपोर्टच्या मागं एखादं पान घातलं असशील, तुझ्या बारीक अक्षरात. नव्हतं. फिल्म होती, रिपोर्ट होता, दोन्ही नीट घडी करून, मधे काही नाही. म्हणजे तू शेवटपर्यंत माझ्या सहीवर विश्वास ठेवलास. किंवा ओळखलंस आणि मला त्यातनं सोडलंस. किंवा पाकीट पुन्हा उघडलंच नाहीस.

पहिलं पान माझ्याकडे आहे, "यंत्रांत" म्हणालीस ते. तिसरंही आहे, डोक्यावरचा हात. मधलं पान मला तुझ्या वळणात लिहिता येईल, अक्का. भाषाही जमेल. पद्मानं सुचवलंय तेच लिहीन आणि वाचणाऱ्या कोणालाही ते खरं वाटेल.

राव गेल्यावर मी तुझ्या मेजावरचा एक कोरा कागद घेतला. रिपोर्ट आणि फिल्म यांच्या मधे तो ठेवला, आणि वरच्या कोपऱ्यात, जमेल तितक्या बारीक अक्षरात, लिहिलं: इथे पान नाही.